दुपट्याची गाठ

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. शेवंताक्का,

पाया पडतो. अक्षरावरून ओळखलं असशीलच की पत्र आकारामचं आहे. फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा तुझ्या पुतण्यानं, ज्ञानूनं, तो तुझ्या हातात दिला, तू "कोण?" म्हणालीस, मी नाव सांगितलं, आणि पुढं पुन्हा ज्ञानूच बोलायला लागला. म्हणून लिहायला बसलोय. तू चौथीपर्यंतच शिकलीस, पण वाचन माझ्यापेक्षा स्वच्छ होतं तुझं. तेव्हा हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची पाळी येणार नाही. येऊ नये.

इकडं सगळं ठीक. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलनाला मीच असतो. घरच्या दोन म्हशी आहेत, त्यातली एक आटलीय. ऊस उभा आहे, तोड यायची आहे. गेल्या बुधवारी पौर्णिमेला वाडीला जाऊन आलो. गर्दी फार होती, पादुकांचं दर्शन मात्र नीट झालं.

मुख्य बातमी अशी की मनालीला मुलगी झाली. आज चोवीस दिवसांची आहे. पहिलं बाळंतपण म्हणून इकडंच केलं. वजन पावणेतीन किलो, नाक आपल्या आईसारखं बसकं. जावई ऋतुराज पुण्याला नोकरीत, शनिवारी येतो, रविवारी जातो. तुला हे ज्ञानूकडून कळलं असेल. कळवायला पाहिजे होतं मी.

पोर झोपत नाही, अक्का.

लेकरं रडतात हे मलाही कळतं. पण ही भुकेची नाही, पोटदुखीची नाही. दूध पिते, डोळे मिटते, आणि खाली ठेवली की पंधरा मिनिटांत दोन्ही हात झटकन वर फेकते, तिला कुणी उंचावरून सोडल्यासारखे. स्वतःच्याच हातांना दचकते आणि उठते. दिवसभर हेच चाललेलं असतं. मनालीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. परवा दुपारी तिला जेवायला वाढलं, तर घास हातात धरून बसल्या बसल्या तिला झोप लागली. तिच्या आईनं, क्रांतीनं, तो घास हळूच तिच्या बोटांतून काढून घेतला.

घरात ज्याला त्याला उपाय ठाऊक. आंघोळ घालायला धोंडुबाई येते, ती म्हणते, "गुंडाळा की तिला. हात मोकळं सोडल्यावर पोर झोपंल व्हय?" मनाली मोबाईलवर बघून बघून दुपटं गुंडाळते, शेवटच्या घडीपर्यंत पोरीचा एक हात बाहेर. जावयानं पुण्याहून एक पिशवी पाठवली. चेन लावायची, दोन्ही बाजूंना कानासारखे पट्टे. धोंडुबाईनं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "बटाट्याला बरी हाय." मी मधे तोंड घातलं तर मला म्हणाली, "आकाराम, तू दूध मोज जा. बायकांच्यात काय काम तुजं?" दवाखान्यातल्या सिस्टरनं खरं तर नीट सांगितलं होतं. हात अंगाशी, पाय मोकळे, उताणी झोपवायची, तोंडावर काही नको, ऊब जास्त नको. तिथं ऐकताना सगळं सोपं वाटलं. घरी आल्यावर घडी कुठल्या टोकापासून धरायची इथंच भांडण.

आणि भांडणाचं मूळ वेगळंच आहे. तुझी भावजय दुपट्याला हातच लावू देत नाही. मनाली गुंडाळायला लागली की क्रांती येऊन सोडते. जावयाची पिशवी तिनं कपाटावर टाकली. "ह्या घरात पोर बांधायचं न्हाई म्हंजे न्हाई. एकदा बघितलंय मी," म्हणते.

तिनं काय बघितलंय ते तुला माहीत आहे. मनाली तर ते ऐकतच मोठी झाली. रविवारी तिचाही तोल सुटला. "मम्मी, सिस्टर सांगतीय, डॉक्टर सांगतोय, सगळी दुनिया गुंडाळतीय. तुझंच काय येगळं?"

"तुला तुझ्या आत्यानं गुंडाळलं हुतं. नऊ दिसाची हुतीस. पांढरीफटक पडलेलीस," क्रांती म्हणाली.

मनाली थोड्या वेळानं पोरीला खांद्यावर टाकून माझ्याकडं गोठ्यात आली. "पप्पा, आत्यानं मुद्दाम न्हाई न्हवं केलं?"

मी शेणाची पाटी भरत होतो. "जाऊ दे ते जुनं," म्हणालो आणि पाटी उचलून उकिरड्याकडं गेलो. पाटी अर्धीच भरली होती.

तेव्हापासून नुसती चिडचिड होते. म्हशीवर ओरडतो, क्रांतीवर ओरडतो. काल संस्थेत एका म्हाताऱ्याला त्याच्या किटलीवरून नको ते बोललो. बिचारा माझ्या बापाच्या वयाचा. सकाळी पूजेला बसलो तर पोरीचं रडणं ऐकू आलं आणि मी हातातली घंटा आदळली. देवापुढं असं कधी झालं नव्हतं.

एवढंच विचारायचं होतं की तू कसं गुंडाळायचीस? मला आठवतं ते आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, त्याची तिकोनी घडी, आणि शेवटी छातीशी दोन बोटं आत सरकवून तू बघायचीस, घट्ट तर झालं नाही ना. मधलं काही आठवत नाही. पहिला कोपरा कुठं जायचा, तेवढं कळव. तुझ्या भाचीचा प्रश्न आहे.

दूध यायची वेळ झाली. थांबतो.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अक्का, वरचं पत्र तीन दिवस खिशात होतं. पाकीट आणलं, पत्ता घातला, पोस्टाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यात सगळं खरं आहे आणि कामाचं एक अक्षर नाही.

आता लिहितो.

वैशाख होता. तू बाळोती धुवायला ओढ्याला गेली होतीस. आई रानात. क्रांतीचा डोळा लागला होता. तिला शेक म्हणून बाजेखाली शेगडी होती. मनाली दचकून उठली आणि रडायला लागली. तू रोज गुंडाळतेस, ती रोज झोपते, मी रोज बघतो. त्यात काय एवढं, असं वाटलं. तेवीस वर्षांचा होतो. कडब्याच्या पेंड्या बांधण्यात माझा हात कुणी धरत नव्हता. दुपटं अंगाभोवती ओढून घेतलं, पाय सरळ करून तेही आत आवळले. सुटू नये म्हणून वरून परकराची नाडी दोन वेढे घेऊन पेंडीला मारतो तशी पीळ देऊन गाठ मारली. त्यावर वाकळ घातली. ती झोपली. लगेच झोपली. मला अभिमान वाटला, अक्का. बायका एवढा बाऊ करतात आणि मी एका मिनिटात करून दाखवलं. तसाच वैरणीला निघून गेलो.

गाठ सोडली ती तू. मी नव्हतो. सांगावा आला आणि मी धावत आलो तेव्हा तुम्ही सगळ्या वडगावला दवाखान्यात गेला होता. पण तू ती सोडलीस, म्हणजे ओळखलीसच. तू स्वतः कधी गाठ मारली नाहीस, तू कोपरा पाठीखाली खोचायचीस. घरात तसली गाठ मारणारा मी एकटा.

डबा घेऊन मी तिथं पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाला, अंगात उष्णता कोंडली, अजून थोडा वेळ गेला असता तर पोर हाताला लागली नसती. "एवढं आवळून बांधलं कुणी?" क्रांती म्हणाली, "अक्काच बांधत्यात." ती झोपेत होती, तिला माहीत होतं ते ती बोलली. मग आई तुला मूलबाळ नसण्यावरून जे बोलली ते मी कागदावर उतरवत नाही. मी दोन पावलांवर उभा होतो. हातात जेवणाचा डबा होता. तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं.

मी डबा या हातातून त्या हातात घेतला. एवढंच केलं.

मग तू खाली बघितलंस आणि म्हणालीस, "चुकलं माझं."

का म्हणालीस ते विचारत नाही. घर माझं होतं, बायको माझी, पोर माझी. तुझं त्या घरात माझ्याशिवाय कोण होतं? नवरा गेल्यावर ज्या दिराच्या घरातून तू आमच्याकडं आली होतीस, त्याच घरी तुला परत पोचवायला मीच आलो. एस.टी.त तासभर शेजारी बसलो, तेव्हाही बोललो नाही. त्यानंतर दर पौर्णिमेला वाडीला जाताना तुमच्या गावचा फाटा लागतो. गाडी थांबते. लोक उतरतात.

मनाशी म्हणायचो, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे. पोर वाचली, मोठी झाली, लग्न झालं. गावात लोक म्हणतात, आकाराम देवापाशी कधी काही मागत नाही, त्याची भक्ती खरी. मागायला तोंड नव्हतं, दुसरं काही नाही.

काल गुरुवारी दुपारी आम्ही जेवत होतो. पोर पुन्हा दचकून उठली. मनालीनं गुडघ्यात डोकं घातलं आणि म्हणाली, "मला काय नको. दोन तास झोप द्या कुणीतरी." क्रांती पोरीला उचलायला उठली आणि उठता उठता तुझं नाव घेऊन काहीतरी पुटपुटली. नेहमीचंच होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आताशा ऐकू येत नव्हतं. काल आलं.

म्हणालो, "अक्कानं बांधलं न्हवतं. मी बांधलं हुतं."

"काय?"

सगळं सांगितलं. नाडी, वाकळ, वैरण, डबा. वाटलं होतं ती ओरडेल. तिनं पोरीला मनालीच्या मांडीवर दिलं, माझ्या पुढ्यातलं ताट अर्ध्या भाकरीसकट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. परत येऊन उभ्यानंच म्हणाली, "पंचवीस वर्सं मी त्या बाईला तळतळाट दिला. ह्याच घरात. तुमी हितंच जेवत हुता न्हवं?"

"व्हय."

"आनि वर भाकरी मागून घेत हुता."

मनाली रडली नाही की चिडली नाही. पोरीला थोपटत माझ्याकडं बघून म्हणाली, "बारशात नाव आत्याच ठेवती. तिच्या मनात माझं काय नाव हुतं?" मला माहीत नव्हतं. बारसं लांबलं, झालं तेव्हा तू नव्हतीस, शेजारच्या एका बाईनं पुढं होऊन कानात कुर्र केलं. तुला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

संध्याकाळी मी संस्थेतून आलो तर क्रांतीनं पेटीतलं आईचं लुगडं काढून त्याचा तुकडा फाडला होता. ती मनालीला म्हणत होती, "तू मोबाईलवर बग आनि सांग, मी करतो." दोघींनी मिळून गुंडाळलं. पाय मोकळे ठेवले. दोन वेळा सुटलं, तिसऱ्या वेळी बसलं. क्रांतीनं छातीशी बोटं घालून बघितली, तुझ्यासारखीच. पोर दचकली, पण हात आतच राहिले, आणि पुन्हा झोपली. एक तास दहा मिनिटं. मनालीही झोपली. मी सोप्यात बसून होतो. मला कुणी हाक मारली नाही.

तेव्हा कोपऱ्याचं कळवलं नाहीस तरी चालेल. ते निमित्त होतं.

क्रांती रविवारी, तेवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं तुझ्याकडं येतेय. एकटीच. मनालीचा सव्वा महिना अजून भरलेला नाही. मी येतो म्हणालो, तर म्हणाली, "तुमी न्हाई. आदी मी जातो. माझं मला निस्तरायचं हाय. तुमचं तुमी मागनं बघा." तुला घेऊन यायचं तिच्या मनात आहे. पण तसं म्हणायचा आपल्याला तरी काय हक्क आहे, असंही म्हणते. दारातून परत पाठवलीस तर मुकाट्यानं माघारी येईन म्हणाली आहे. तिला घरात घे, अक्का. तिचा दोष झोपेत असण्यापुरता. मनालीच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं तिच्याजवळ सांगून पाठव. माझ्याबद्दल काही ठरवायची घाई नको. मी पंचवीस वर्षं घेतली, तू हवी तेवढी घे.

हे पत्र ती यायच्या आत तुझ्या हातात पडावं असा तिचा हट्ट आहे. पाकीट चिकटवायच्या आधी तिनं ते सगळं वाचलं. वर आईच्या बोलण्यापाशी एक ओळ काळी केलेली दिसेल. तिथं मी लिहिलं होतं, की आई तसं बोलली नसती तर मी खरं सांगितलं असतं. क्रांतीनं तिथं बोट ठेवलं, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मेलेल्या मान्सावर घालू नका."

खोडली. आई बोलली नसती, तरी मी बोललो नसतो.

तेव्हा गप्प राहिलेला,
तुझा आकाराम