चौसष्ट अक्षरं आणि दाजींचा अबोला

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (ऑफिसात बसल्या जागी घातला आहे, तेव्हा खुर्चीसकट स्वीकारावा.) पाठ कशी आहे? ताई म्हणते, आता बरी आहे, फक्त माझं नाव निघालं की पुन्हा धरते. इकडे सर्व क्षेम. म्हणजे साहेब क्षेम आहेत आणि बाकीचे त्यांच्या नियमांनी बेजार.

तुम्ही जगाला फुकट वाटता त्या तारखांचा हिशोब करणाऱ्या तयार कोडवर, म्हणजे तुमच्या लायब्ररीवर, आमचं दवाखान्यांचं सॉफ्टवेअर चालतं, हे मी इथे छाती फुगवून सांगत असतो. (जगभरच्या पेशंटांना तारखा लावून देणाऱ्या माणसाला ताईचा वाढदिवस आठवत नाही, हे सांगत नाही. घरातलं घरात.) पण साहेबांना नात्यागोत्याचं कौतुक नाही. नवी आवृत्ती इंटरनेटवरून उतरवली की वाटेत कुणी ती बदलली नाही ना, म्हणून तिची खूण ताडायची, म्हणजे फाइलवरून निघणारी चौसष्ट अक्षरं तुमच्या पानावर दिलेल्या अक्षरांशी जुळवायची. हे काम कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो, म्हणूनच साहेबांचा त्याच्यावर विश्वास नाही. आमच्याकडे दोन्ही खुणा कागदावर छापतात. एकाने एक मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने दुसरीवर पेन्सिलीने टिक करत जायचं. वाचतो मी. पेन्सिल तपासनीस बाईंकडे, आणि त्यांचा चेहरा असा की मी नापास होणार हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे.

दोन महिन्यांपूर्वी पहिलंच अक्षर जुळलं नाही. दुसरंही नाही. कुणीही शहाणा माणूस पुन्हा एकदा बघेल. मी शहाणपणाला फाटा दिला आणि थेट तुमच्या लायब्ररीच्या जाहीर तक्रारपानावर लिहून मोकळा झालो, की सावधान, या आवृत्तीत कुणीतरी घुसखोरी केली आहे. खाली पूर्ण नाव, हुद्दा, कंपनीचा पत्ता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे बारा लोकांनी तुम्हाला जाब विचारला होता. सुट्टीनंतर बाईंनी डबा बंद करता करता दाखवलं, की एकाच आवृत्तीचे तुमच्या पानावर दोन गठ्ठे आहेत, झिप आणि टार अशा दोन तऱ्हांनी बांधलेले, आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या. मी उतरवला होता झिप आणि खूण छापली होती टारची.

तुम्ही उत्तरात तीनच शब्द लिहिलेत: "फाइलचं नाव वाच." इतक्या कमी जागेत इतका अपमान बसवायला खरोखर हात बसलेला लागतो. तेव्हापासून अबोला. मी फोन केला की ताई उचलते आणि मागून तुमचं खाकरणं ऐकू येतं, चांगलं ठणठणीत.

आणि कहर म्हणजे, त्या गोंधळात लोकांचा विश्वास डळमळला म्हणून तुम्ही आवृत्तीवर सही करायची डिजिटल किल्लीच बदललीत. आता साहेब विचारतात, ही नवी किल्ली खरी कशावरून? तिच्या खुणेची चाळीस अक्षरं मालकाने स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवली तरच आवृत्ती आत घेणार. शुक्रवारपर्यंत हे झालं नाही तर माझी रवानगी प्रिंटरच्या खोलीत. तिथे खिडकी नाही. गेल्या वेळी माझ्या घाईने तुम्हाला त्रास झाला, आता तुमच्या रागाने मला होऊ द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा.

तुमचा (अजून तरी) मेहुणा

ता.क. : तेव्हा फोन करा आणि चाळीस अक्षरं सावकाश वाचा. मी पेन्सिल घेऊन बसतो.

ता.क. दुसरा : लपवण्यात अर्थ नाही. ताईने कालच तुमच्या टेबलावरच्या चिठ्ठीवरून ती वाचून दाखवली. तुमच्या पानावरच्या अक्षरांशी चाळीसच्या चाळीस जुळली. घरचं माणूस चालेल म्हणाले साहेब, आवृत्ती आत गेली, प्रिंटरची खोली टळली. ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं की दाजींशी बोलणं झालं. सांगताना फार वाईट वाटलं, कारण झालं नव्हतं. चुकलो, दाजी. फोन करा. अक्षरं नाही वाचलीत तरी चालेल.