आणखी कोण हजर होतं?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय बाई,

नमस्कार. तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण माझ्या मूल्यमापन अहवालाच्या एका मसुद्यावर एकसष्ट शेरे मारणाऱ्या माणसाची तब्येत ठणठणीतच असणार. इकडे सगळं ठीक. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला माझ्या घरातली धूळ दिसायला लागलीय, त्यामुळे माझी धडगत नाही. आज नवरा तिला डोळे तपासायला घेऊन गेलाय. घरात शांतता आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या एकसष्टपैकी साठ शेऱ्यांपुढे मी 'मान्य' लिहिलं. तक्ता सातमधली बेरीज चुकली होती, ती तुम्हीच पकडलीत. पंधरा वर्षं झाली, तरी तुमच्याकडून शिकायचं संपत नाही. सदतिसाव्या शेऱ्यापुढे मात्र 'अमान्य' आहे. तो शेरा असा: 'जुन्या सर्वेक्षणाबद्दलचा परिच्छेद काढावा. मूल्यमापनाच्या विषयाशी संबंध नाही.'

संबंध नाही? बाई, ज्या योजनेचं मी मूल्यमापन करतेय, ती अख्खी योजना उभी आहे तीच त्या सर्वेक्षणावर. तुम्ही पथकप्रमुख होतात, मी तेवीस वर्षांची, तुमच्या मागे मागे फॉर्म घेऊन फिरणारी. 'घरात कुणाची भीती वाटते का?' या प्रश्नाला दहापैकी नऊ बायकांनी 'नाही' म्हटल्याची नोंद आपण केली. त्या आकड्याच्या जोरावर योजनेतून समुपदेशनाची खोली वगळली गेली आणि नुसती शिलाई मशीनं वाटली गेली. आता हीच योजना आणखी सहा ठिकाणी जाणार, पुन्हा त्या खोलीशिवाय. सल्लागार समितीवर तुम्हीच आहात. हे मी तुम्हाला समजावून सांगायचं म्हणजे कमालच झाली.

आणि शुक्रवारी तुम्ही माझ्या नवऱ्याला फोन केलात! मी घरी आले तेव्हा तो लसूण सोलत होता. म्हणाला, "तुझ्या बाईंचा फोन होता. तुला समजावायला सांगितलंय. समजावू?"

"समजाव."

"समजावलं," म्हणाला आणि पुन्हा लसणाकडे वळला.

तेव्हा हसले, पण नंतर नुसता संताप संताप झाला. बायकांचा आवाज या विषयावर देशोदेशी व्याख्यानं देणाऱ्या तुम्ही, आणि मला गप्प करायला तुम्हाला माझा नवराच सापडला? मला बोलायचं तर मला बोला. तुमची बोलणी मी पंधरा वर्षं खाल्लीत, मला पचतात.

असो. फोनचं जाऊ दे.

प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक रकाना असायचा: 'मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं?' बाईला एकटीलाच विचारायचं, हा धडा तुम्हीच आम्हाला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिला होतात. जुने गठ्ठे काढून बघितले, तर त्या रकान्यात सगळीकडे 'कोणी नाही'. एकूण एक फॉर्मवर. मसुद्यात मी लिहिलं, 'पथकातील काही मुलींनी ही नोंद चुकीची केली असावी.' काही मुलींनी. केली असावी. किती बेमालूम अंग काढून घेतलं ना?

गेल्या महिन्यात फेरमुलाखतींना गेले, तेव्हा एक शिलाईवाली भेटली. एकच खोली, दाराशी मशीन, खुंटीला शाळेचे अर्धवट शिवलेले गणवेश. नवरा वारून चार वर्षं झालीत. मी पिशवीतून फॉर्म काढला, तशी ती मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"तू मागेही आली होतीस. तेव्हा केस लांब होते तुझे."

मी तिचा जुना फॉर्म काढला. खाली सही माझी, अक्षर माझं. तिला वाचून दाखवला. शेवटच्या रकान्याशी आले, तेव्हा ती म्हणाली, "कोणी नाही? मग खाटेवर पाय हलवत बसला होता तो कोण, भूत?"

आणि हसली. मग म्हणाली, "घरात कुणाची भीती वाटते का, असं तू विचारलंस. मी त्याच्याकडे बघितलं. तूही त्याच्याकडेच बघितलंस. मला वाटलं, शिकलेली पोरगी आहे, हिला कळलं. आणि तू 'नाही' लिहून पुढचा प्रश्न विचारलास."

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. कधीपासून, ते मी विचारलं. "तू येऊन गेलीस, त्या वर्षीच्या थंडीत," ती म्हणाली, आणि त्याच हाताने कापड सुईखाली सरकवलं.

मला कळलं होतं, बाई. तिथल्या तिथे कळलं होतं. परतताना गाडीत मी तुम्हाला विचारलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, "एका खोलीचं घर, नवऱ्याला काय खुंटीला टांगणार? 'कोणी नाही' लिही, नाहीतर अर्धे फॉर्म बाद होतील." सगळे हसले, मीही हसले. आणि लिहिलं. त्या दौऱ्यात माझ्या हातचे दोनशे बारा फॉर्म आहेत, मोजले मी. हे काम स्वीकारतानाच मी हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला लाज वाटत होती आणि तुम्ही मला फार आवडता.

तर परिच्छेद राहणार. एक दुरुस्ती तेवढी केलीय. 'पथकातील काही मुलींनी' खोडून 'या अहवालाच्या लेखिकेने' असं लिहिलंय, 'असावी'सुद्धा खोडलंय. तुमचं गाडीतलं वाक्य मी त्यात घातलेलं नाही. ते तुमचं आहे, सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. अशी कामं ज्यांना मिळतात त्या सल्लागारांच्या यादीतून माझं नाव काढायचं असेल तर खुशाल काढा. शिकवायला जाईन, फळ्यावर तोच धडा लिहीन. पण समितीने त्या खोलीशिवाय योजना मंजूर केली, तर हे दोनशे बारा फॉर्म घेऊन मी बैठकीच्या दारात उभी राहीन. बोलावलं नाही तरी.

पथकात मला सगळे 'बाईंचं शेपूट' म्हणायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता.

तुमचं एके काळचं शेपूट

ता. क. पत्र लिहिताना आणखी कोण हजर होतं: कोणी नाही. या वेळी खरंच.