आक्काच्या भिंतीचा एक्स-रे

४ जाने. १९९७, जालना
हसनाबादहून परत. आक्काच्या खोलीला दाराजवळ चीर गेलीय, वीतभर. खोली माझ्याच हलक्या विटांची, कॉलेजच्या लॅबमध्ये बनवलेल्या. कारखान्याची राख, पोलादाच्या भट्टीतल्या स्लॅगचा भुगा. दोन वर्षांपूर्वी हौसेनं बांधून दिली.

म्हटलं, चल जालन्याला. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, हे नाही बोललो. आक्का : "भिंत कच्ची निघाली तर येते. न्हाई तर मला इथंच बरं है, दत्ता." थोरली बहीण, पण हट्ट लहान पोरीचा.

चिरेजवळची एक वीट काढून आणली. कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय? म्हटलं, पेशंट.

९ जाने.
विटेची दोन बोटं जाड चकती कापली. आमच्या कॉलेजात एक्स-रे मशीन कुठलं! हाडांच्या डॉक्टरांकडे नेली. तिथला टेक्निशियन : "सर, पेशंटला श्वास रोखायला सांगा." रजिस्टरात नाव लागतं. आक्काचं टाकलं. तुलनेसाठी लॅबमधल्या एका फसलेल्या विटेचीही फिल्म काढली.

१० जाने.
फिल्म आल्या. फसलेल्या विटेत एवढाल्या पोकळ्या, एकमेकींत शिरलेल्या. आक्काच्या विटेला अनारशासारखी बारीक, सारखी जाळी. तडा कुठेच नाही. म्हणजे चीर नुसती गिलाव्याची.

इतकी वर्षं हेच तर बघायचं होतं. अन् मी खट्टू झालो. लाज वाटली स्वतःची. सांगायला घरात कुणी नाही. चहा केला, एकच कप विसळला.

१२ जाने.
दोन्ही फिल्म एकाच पाकिटात. एकीवर आक्काचं नाव आहे, पण तिला कुठं वाचता येतं? फसलेली दाखवली तर आठवड्यात सामानासकट इथं येईल. असला विचार मनात...

१४ जाने., हसनाबाद. संक्रांत
तिळगूळ घेतला. गोड बोलणं काही जमेना. शेवटी पाकीटच तिच्या हातात दिलं. कोणती काढायची ते तिच्यावर, असा भेकडपणा.

तिनं उघडलंच नाही. माझ्याकडंच बघत बसली. म्हणाली, "भिंतीचं ऱ्हाऊ दे. तुला काय निघायला पायजे व्हतं?"

मान खाली घातली. पाकीट तिनं तिळाच्या डब्याखाली ठेवलं अन् दोन ताटं वाढली. पाचची गाडी आहे, पण पिशवी अजून खुंटीलाच.