आंगणातला लाल डाग

मंगळवार, दिवेलागणीले

पयले आले व्याही, मंग मोहाडीचा मिस्त्री. आमची मासोळीची गाडी वळताना कण्हते, म्हणून माया पोरानं, प्रकाशनं, दोघाईले बोलावलं. व्याही जुने डायव्हर. उतरल्याबरोबर म्हणे, "स्टेरिंगचा पंपच गेला, बदला!" वाकून पाहिलं बी नाही. असा राग आला मले!

आठ दिवसांपासून सांगून राहिली, रोज सारवलेल्या आंगणात गाडीखाली लाल डाग पडते. प्रकाश म्हणे, "माय, तुया खर्र्याची पिचकारी असन." दात पडल्यापासून सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला का मी?

मिस्त्री बरा. म्हणे, "आजी, डाग कुठी?" दाखवला, तं तिथंच आडवा झाला. बराबर डागावर स्टेरिंगची नळी चिरलेली. लाल तेल गळलं, नळीत हवा शिरली, म्हणून गाडी कण्हे. त्यानं नळी तात्पुरती बांधली, तेल भरलं, स्टेरिंग दोन्हीकडे पुरं फिरवून हवा काढली. आवाज बंद! मी मनात नाचली.

पण मासोळी आणताना तलावाच्या पाळीवर, बांधाच्या वळणातच स्टेरिंग जड झालं असतं तं? पोरगा गाडीसकट पाण्यात! अन् मले म्हणे खर्रा.

नवी नळी घेऊन व्याही अन् मिस्त्री दोघंही शनिवारी येतो म्हणाले. तोवर चाबी माया कनवटीले.