मागच्या दारचा दगड

४ फेब्रुवारी १९४१

बाळ गेलं. मुलगा होता. का गेलं ते या वहीशिवाय कोणाला सांगायची माझी छाती नाही.

सकाळी देशमुखांचा गाडीवान कचरू गाडी घेऊन तीर्थपुरीला माझ्या दवाखान्यात आला. "जल्दी चला नर्सबाई! काकासाहेबांच्या सूनबाई अडल्यात." कुंभार पिंपळगाव — माझंच गाव! आठ वर्षांत पाय ठेवला नव्हता. माझी आई तुळजा याच देशमुखांच्या घरची सुईण होती. तिची पोर नर्स झाली हे तिथं कोणाला ठाऊक नाही. जालन्याला भांडी घासते, असंच समजतात.

गल्ली अरुंद. कचरूनं मला पाराजवळ उतरवलं आणि बैलांना पाणी पाजायला गेला. मी निघाले, आणि काय झालं देव जाणे! पाय आपोआप बोळातून मागच्या दाराकडे वळले. तिथं आई बसायची तो दगड. चप्पल काढली, पेटी मांडीवर घेतली, बसले! लहानपणी आईजवळ अशीच बसायचे. तिथं हाक मारायची नाही, आतून बोलावलं की जायचं. आत सूनबाई, पुष्पाबाई, कण्हत होत्या. मला स्पष्ट ऐकू येत होतं. तरी बसले! जालन्याला दोन वर्षं शिकले, अंगावर पांढरं लुगडं, छातीला घड्याळ — आणि बसून राहिले!

पुढून काकासाहेब ओरडले, "नर्स आली का न्हाई अजून?" तेव्हा भानावर आले. बसले तेव्हा घड्याळात बारा दहा झाले होते. आता बारा पस्तीस. पळत पुढच्या दारानं आत शिरले. नाळेचे मानेला दोन वेढे. बाळ रडलंच नाही. पंचवीस मिनिटं आधी आत असते तर? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

काकासाहेबांनी कचरूला धरला. "गाडी कुठं थांबवली रे, हरामखोर?" तो म्हणत होता, "मालक, सावली पायात व्हती तवाच बाईला उतरवलं. बिलकुल थांबलो न्हाई." त्याच्या पाठीवर चाबूक ओढला. माझ्यासमोर! मी पेटी आवरत राहिले.

५ फेब्रुवारी

चप्पल! दगडाशेजारीच राहिली! काल अनवाणी परत आले आणि मला पत्ताही नाही.

आता आठवतंय. बाळ झाकलं तेव्हा काकासाहेबांच्या पत्नी, बाईसाहेब, माझ्या पायांकडेच बघत होत्या. मग एकदा तोंडाकडे पाहिलं. तुळजाची पोर म्हणून ओळखलं का? चप्पल सापडली असेल तर सगळंच कळलं असेल. रजिस्टरात पोचल्याची वेळ १२.३५ लिहून बसले आहे.

६ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. दवाखान्याचं दार वाजलं की आधी रजिस्टर मिटते.

८ फेब्रुवारी

काकासाहेबांची चिठ्ठी आली. "आपण किती वाजता पोचलात ते लिहून द्यावे." लिहिलं — बारा पस्तीस. सही अशी झाली की माझं नाव मलाच वाचता येईना. खोटं तर नाही ना? आत गेले तेव्हा तेवढेच वाजले होते! असं मनाला सांगते आहे. मन ऐकत नाही.

११ फेब्रुवारी

कचरूची बायको साळूबाई आली. चालत! माझी चिठ्ठी पोचली त्याच दिवशी कचरूला कामावरून काढलं, राहती झोपडीही खाली करायला लावली. ओट्यावर बसली, आत ये म्हटलं तरी येईना. "बाई, तुमीच सांगा. सावली पायात व्हती म्हून त्यो रोज सांगून राह्यलाय. तर समदे म्हनतात, बाईच्या कागदावर घड्याळाची वेळ हाय, तुझ्या सावलीला कोण इचारतो?"

तिला चहा दिला. कचरूची पाठ कशी आहे विचारलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "बघते मी"! थू माझ्यावर.

१२ फेब्रुवारी

नोकरी गेली तर कुठं जाऊ? पुन्हा त्याच दगडावर?

१४ फेब्रुवारी

देशमुखांकडची मोलकरीण नंदाबाई आली. पदराखालून माझी चप्पल काढली.

"बाईसाहेब म्हनल्या, नदीत टाकून दे. मला टाकवंना, कचरूचे हाल बघवंना. बाई, तुमी दगडावर येऊन बसल्या तवाच त्यायनी खिडकीतून पाह्यलं व्हतं. म्या म्हनले, आत घेऊ का? तर म्हनल्या, तुळजीची पोर हाय, बसू दे तिथंच. तीर्थपुरीची नर्सबाई येऊन राह्यलीय."

रजिस्टर उघडलं. १२.३५ खोडलं. नवी ओळ लिहून सही केली. या वेळी नाव वाचता येतंय. त्याची नक्कल साळूबाईच्या हाती देणार आहे, काकासाहेबांसाठी. पुढं काय होईल त्याची भीती वाटते, फार वाटते. पण ओळ बराबर लिहिली आहे: पोचले — बारा वाजून दहा मिनिटं, मागचं दार.