थंड खोलीतली शेगडी

कितामी, फेब्रुवारीअखेर

ती. सौ. ताईस,

धाकट्या तोकुझोचा गुडघे टेकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? (त्यांनी पाठवलेले खारवलेले मुळे संपले, हे आपलं सहज सांगतो.)

आमच्या कारखान्यात पुदिन्याचं फूल (पुदिन्याच्या तेलातला कापरासारखा खडा) वितळवून थंड खोलीत, डब्यांत पुन्हा सावकाश गोठवतात, म्हणजे त्याच्या शुद्ध, सुयांसारख्या काड्या जमतात आणि मळकं तेल तळाच्या छिद्रांतून निथळतं. यंदा तेल सुयांमध्येच अडकलं आणि माल पिवळट निघाला. त्यातच पंधरवड्यापूर्वी कोबेहून खरेदीदार ओगिनोसाहेब आले. त्यांना माल पसंत पडला नसता, तर वसंतात मी सांभाळतो ती थंड खोली बंद आणि मी पुन्हा बटाटे खणायला मोकळा.

पण पाहुण्याला कुडकुडत कसं बसवायचं? पेट्या बांधणाऱ्या नात्सुयोने त्यांच्यापुढे कोळशाची शेगडी आणून ठेवली. थंड खोलीत शेगडी! जरा वेळाने डबे ठिबकायला लागले. मालकांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिने तडक स्टेशनच गाठलं. शेगडी मात्र तिथेच. पाहुणा हात शेकत असताना ती उचलणं म्हणजे 'आता निघा' म्हणण्यासारखंच. पाहुणाही घामाघूम झाला होता, पण आम्हाला वाईट वाटेल म्हणून उठेना. (कपाळ पुसत पुसत हवेची तारीफ करत होता.) असे दोन तास आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार घालत बसलो आणि हिवाळ्याची मेहनत टपटप गळत राहिली.

शेवटी झाकण काढलं. गळलं होतं ते सगळं पिवळं, कडवट तेल. उरलेल्या सुया पांढऱ्याशुभ्र! ओगिनोसाहेबांनी एक सुई कपाळावर घासली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सगळा माल असाच द्या." खोली माझ्याकडे, म्हणून ही युक्तीही माझीच समजून मालक मला म्हणाले, "तोकुझो, तुझं डोकं चालतं रे." पुढच्या महिन्यात हेच कोबेच्या मंडळींसमोर करून दाखवायचं आहे. मी मान डोलावली.

तुझा,
तोकुझो

ता. क. नात्सुयो तुमच्याच गावी मावशीकडे आली आहे. निखारे नेमके किती घातले होते, तेवढं विचारशील? मी करून पाहिलं, तर एकदा काहीच गळलं नाही आणि एकदा सगळंच वितळलं.

आणखी ता. क. शेगडी आणायला तिला मीच सांगितलं होतं. मालकांनी डोळे वटारले तेव्हा मी खाली वाकून बुटाचे बंद बांधत होतो. (माझे बूट गवताचे आहेत, त्यांना बंद नसतात.) त्या दिवसापासून मला माझीच लाज वाटते.

शेवटचं. पाकीट चिकटवण्याआधी मालकांना सगळं खरं सांगून आलो, निखाऱ्यांचा अंदाज तिचाच होता हेही. ते म्हणाले, "मग खोली तिच्या ताब्यात. तू पेट्या बांध." बांधीन, ताई. पण तिला अजून वाटतंय, की आमची खोली तिच्यामुळे बुडाली. आधी जाऊन तिला तेवढं सांग, मग हे पत्र भावोजींना दाखव.