तुझ्याच अंगात घडलेलं

प्रिय आदिनाथ,

फोनवर हे बोलायला गेले की तू विषय म्हशींकडे नेतोस, म्हणून कागद घेतला. आईला नंतर दाखव, आधी एकटा वाच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या अस्थिमज्जेतल्या पेशी तुला दिल्या आणि तू वाचलास. हॉस्पिटलच्या जिन्यात अण्णांनी, वडील असून, माझ्यापुढे हात जोडले, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले होते. पण त्या दिवसापासून घरात कोणी माझा शब्द मोडेनासं झालं. घोडेगावच्या बाजारात अण्णांबरोबर म्हशी पारखणं कायमचं सोड, पुण्यात येऊन माझ्याजवळ राहा आणि ऑफिसचं काम बघ, असं मी म्हटलं, तर तू लगेच म्हणालास, "तुज्याच रक्तावर उभा हाय ताई, तू म्हनशील तसं." मला तेव्हा बरं वाटलं. कबूल करते.

गेल्या महिन्यात तू आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी दिलेल्या रक्ताची माहिती माझ्याकडे आली. जंतू ओळखणाऱ्या पेशीवर जंतूची खूण पटवणारा एक भाग असतो. त्याचा जनुक शरीर तुकडे जोडून बनवतं, सांध्यावर डीएनएची चार-दोन अक्षरं घालतं, गाळतं. कुठली जोडणी घडण्याची शक्यता किती, हे आमचं गणित सांगतं. काही सोप्या, कोणाच्याही अंगात सापडणाऱ्या. काही इतक्या दुर्मिळ, की दोन माणसांत तीच निघणं जवळजवळ अशक्य.

तुझ्या जोडण्या माझ्या रक्ताशी ताडून पाहिल्या. माझ्याकडून तयार आलेल्या थोड्या निघाल्या. पण हजारो दुर्मिळ जोडण्या माझ्यात कुठेच नव्हत्या. चूक असेल म्हणून तीनदा तपासलं. मूळ पेशी माझ्या खऱ्या, पण ही जुळणी तुझ्या छातीतल्या ग्रंथीत झाली, एकेक करून, तू हॉस्पिटलच्या त्या काचेच्या खोलीतून घरी आल्यावर. ते माझं नाही रे. मी तिथेच खुर्चीत रडत बसले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुला गर्दीत, जनावरांत जायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी मार्चमध्येच मला फोनवर सांगितलं होतं. "मी आदिनाथला कळवते," असं त्यांना म्हणाले, आणि तुला कळवलं नाही. तू नजरेआड झालास की मला भीती वाटते, एवढंच कारण. पुण्याला यायचं ठरलं होतं, तरी येऊ नकोस. डॉक्टरांना स्वतः विचार आणि तुला हवं ते कर. राग आला तर फोन कर. दोन वर्षांत तू माझ्याशी एकदाही भांडला नाहीस, आदिनाथ. मनसोक्त भांड.

तुझीच,
निकिताताई